वैनतेयच्या पोटातली सावली

साधं जहाज मोडीत काढणं सोपं असतं हो. इंजिन बंद करा, झेंडा उतरवा, चार भाषणं ठोका, सामोसे वाटा आणि मग गॅसकटरवाली माणसं सोडा त्याच्या अंगावर. पण जहाजाच्या पोटात अणुभट्टी असली की सगळंच घोडं अडतं. भट्टी विझवली तरी ती खऱ्या अर्थानं विझत नाही. इंधन काढून नेलं तरी ज्या पोलादी भांड्यात ते वर्षानुवर्षं धगधगलं, ते भांडंच किरणोत्सर्गी होऊन बसतं. भोवती शिशाची आणि पॉलिथिनची पुरुषभर जाडीची भिंत असते. आत काय आहे, काय नाही, हे उघडून बघायची कुणाची छाती होत नाही.

म्हणून ‘वैनतेय’ ही अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका निवृत्तीसाठी सुरुंडीच्या सुक्या गोदीत येऊन बसली, तेव्हा सगळ्यांचे डोळे लागले होते ते एका बाईच्या यंत्राकडे.

ती बाई म्हणजे ऋजुता सरनोबत. पदार्थविज्ञानाची. पंचावन्नी उलटलेली, आवाज खणखणीत, आणि स्वभाव असा की चहा गाळेपर्यंतही धीर धरवत नाही. अशा बाईनं आयुष्यभर काम निवडलं ते वाट बघण्याचं, याची गोदीत सगळे थट्टा करायचे.

सुरुंडी हीच वैनतेयची जन्मभूमी. छत्तीस वर्षांपूर्वी ती इथंच बांधली गेली होती. शेजारच्या गोदीत आता तिची धाकटी तयार होत आली होती, तीही विमानवाहू, तीही अणुशक्तीची. तिला अजून नाव नव्हतं. सगळे तिला नुसतं ‘एक्याऐंशी नंबर’ म्हणायचे. कारण नौदलात नाव वारशानं जातं. थोरली निवृत्त झाली की तिचं नाव धाकटीला मिळतं, आणि तोवर धाकटीनं बिननावाचं राहायचं. या भट्टीवाल्या नौकांच्या बाबतीत मात्र एक अट होती. ती कुठं लिहिलेली नव्हती, पण कुणी मोडतही नसे. नाव स्वच्छ हवं. जिच्या भट्टीच्या बाबतीत कधी लपवाछपवी झाली, तिचं नाव तिच्याबरोबरच कापलं जायचं, पुन्हा कुणाला मिळायचं नाही.

आणि त्या सकाळी ऋजुताच्या पडद्यावर, जिथं काहीही असायला नको होतं तिथं, एक सावली होती.

“ऋजुता मॅडम, पुसून बघा ना पडदा,” लॉरेन्स डिमेलो म्हणाला. हा तिचा जोडीदार तंत्रज्ञ, वसईचा, तिच्याच वयाचा. विनोद केला खरा, पण तो स्वतःही हसला नाही.

“पडदा नाही रे बाबा. आहे काहीतरी.”

इथं थोडं विज्ञान सांगायलाच हवं, त्याशिवाय त्या सावलीची भीती कळायची नाही. आपल्या डोक्यावर चोवीस तास एक झोड चालू असते आणि आपल्याला तिचा पत्ताच नसतो. अंतराळातून येणारे वेगवान कण वातावरणाच्या वरच्या थरांवर आदळतात. त्या टकरीतून म्यूऑन नावाचे कण जन्माला येतात. इलेक्ट्रॉनचेच भाऊबंद, पण दोनशे पट जड. ते सरळ खाली येतात. तळहात पुढं केलात तर सेकंदाला एखादा त्यातून आरपार जातो आणि तुम्हाला गुदगुलीसुद्धा होत नाही. लाकूड, काँक्रीट, पोलाद, कशालाच ते जुमानत नाहीत. फक्त वाटेत शिशासारखा किंवा युरेनियमसारखा जड अणू भेटला, की त्यांची वाट किंचित वाकडी होते.

ऋजुताच्या गटानं या कणांना टिपणाऱ्या चटया बनवल्या होत्या. खरोखरच्या चटया, गुंडाळून काखेत मारता येतील अशा. एक चटई नौकेच्या डेकवर पसरायची, दुसरी गोदीच्या तळाशी, नौकेच्या पोटाखाली. कण कुठल्या कोनातून आला हे वरची सांगते, कुठल्या कोनातून बाहेर पडला हे खालची सांगते. दोन्हींत जितका फरक, तितकं वाटेत काहीतरी जड. असे लाखो कण जमले की हळूहळू चित्र उमटतं. काही फोडायला नको, कुणाच्या अंगाला किरण लागायला नकोत. कल्पना जुनीच, पण आधीची चित्रं धुकट यायची. या चटयांनी मात्र बंद भट्टीतला बोटभर बोल्टही दिसायचा.

याचा परिणाम काय झाला? जे कुणी कधीच बघू शकणार नाही असं समजून माणसं आजवर शब्द देऊन मोकळी झाली होती, ते सगळं आता दिसायला लागलं होतं.

सावली होती दीड वितीची, लांबट, आणि जड. पॉलिथिनच्या लाद्यांमध्ये, भट्टीच्या भांड्यापासून हाताच्या अंतरावर. पॉलिथिन म्हणजे म्यूऑनच्या लेखी हवाच. तिथं हा एवढा जड ऐवज कुठून आला?

“शिसं असेल,” डिमेलो म्हणाला.

“शिसं असेल नाहीतर युरेनियम असेल. दोघं इतके जवळचे आहेत की अजून माझ्या चित्राला फरक कळत नाही. आणखी कण जमू देत. किरणमापक लावूनही उपयोग नाही, शेजारच्या भांड्याच्या किरणांत तुकड्याचे किरण वेगळे कळायचे नाहीत.”

“पण तिथं इंधनाचा तुकडा कसा येईल? शेवटचं इंधन तर परवा परवा यंत्रमानवांनी काढलं. इंधनकांड्यांची एकूणएक जुडी हिशेबात आहे.”

ऋजुताच्या मनात दुसरंच इंधन आलं. शेवटचं इंधन नव्हे, त्याच्या आधीचं. पंधरा वर्षांपूर्वी नौकेच्या आयुष्याच्या मध्यावर एकदा इंधन बदललं होतं. ते काम माणसांनी केलं होतं. आणि त्या माणसांचा प्रमुख होता कमांडर मल्हार सरनोबत. तिचा नवरा.

डिमेलोलाही ते आठवायला क्षणभर वेळ लागला. आठवल्यावर तो खुर्चीतून उठला आणि उगाचच खिडकी उघडून आला.

ऋजुताला त्या इंधनबदलाची हकिगत तोंडपाठ होती. गोदीत सगळ्यांनाच होती. एक जुडी वर काढताना मोडली होती. पाण्याखाली, कॅमेऱ्यातून बघत, मल्हारच्या माणसांनी लांब चिमट्यांनी तिचे तुकडे वेचून शिशाच्या डब्यात भरले. आणि शेवटी मल्हारनं रिवाजाप्रमाणे भट्टीच्या भिंतीवर हात ठेवून कप्तानाला सांगितलं होतं, “घर रिकामं आहे.” कागदपत्रं होतीच, पण भट्टीवाले मानायचे ते या बोललेल्या शब्दाला. त्या एका शब्दावर वैनतेय पुन्हा समुद्रात गेली, तिच्यावर दीड हजार माणसं राहिली, जेवली, झोपली. तुकडा जर मागं राहिला असेल तर तो शब्द खोटा होता.

*

मल्हार घरी इस्त्री करत होता. निवृत्तीच्या समारंभाला जुन्या भट्टीप्रमुखांनी गणवेशात यायचं होतं आणि तो गेले काही दिवस त्या पांढऱ्या कोटाच्या मागं लागला होता.

“हा कोट आकसलाय,” तो तिला बघताच म्हणाला.

“कोट नाही आकसला. तू फुगलायस.”

“वा! कमांडरच्या बायकोनं असं बोलावं?” तो हसला. “लवकर कशी आलीस? यंत्रानं संप केला का?”

तिनं पर्स टेबलावर ठेवली. सरळ विचारायचं ठरवूनच ती आली होती, कारण आडून आडून बोलणं तिला कधी जमलंच नव्हतं.

“मल्हार, ती जुडी मोडली होती ना. तिचे सगळे तुकडे डब्यात गेले होते? नक्की?”

इस्त्री कोटावरच थांबली.

“हे काय मधेच?”

“सांग ना.”

“मी कप्तानाला काय सांगितलं होतं ते तुला माहितीये.”

“कप्तानाला काय सांगितलंस ते नाही विचारलं. मला सांग.”

त्यानं इस्त्री उचलून उभी केली. चेहरा पार बदलला होता त्याचा. “चित्रात काय दिसलं?”

तिनं सांगितलं. कुठं, केवढं, किती जड. तो ऐकत राहिला, आणि ती बोलायची थांबल्यावर एकदम भडकला.

“म्हणजे तुझ्या त्या चटईवर चार ठिपके उमटले आणि तू माझी उलटतपासणी घ्यायला आलीस? तीस वर्षं माझ्याबरोबर राहून?”

“मी उलटतपासणी नाही घेत. मी घाबरलेय!”

“घाबरलीस तर माझ्याजवळ बसायचं होतंस. विचारत काय होतीस?”

“अरे, तूच सांगू शकतोस ना? दुसऱ्या कुणाला विचारू?”

“घर रिकामं होतं,” तो म्हणाला. “झालं समाधान?”

झालं नाही. आणि झालं नाही हे तिच्या तोंडावर त्याला स्पष्ट दिसलं. तो कोट तसाच टाकून गॅलरीत निघून गेला. ती तिथंच उभी राहिली. तिला रडू आलं, रागही आला, आणि त्याहून जास्त स्वतःची शरम वाटली. नवरा सांगतोय आणि आपला विश्वास बसत नाही, ही गोष्ट तिला आजवर ठाऊकच नव्हती.

आता तिच्यापुढं दोन वाटा होत्या. चित्र स्पष्ट व्हायला वेळ लागणार होता. तोवर गप्प बसलं तर कुणाला कळणारही नव्हतं. डिमेलो तर सकाळीच म्हणाला होता, “मॅडम, मी काही बघितलं नाही, माझा चष्मा घरी राहिलाय.” पण दोन दिवसांत त्या भिंतीवर कटर चालायचे होते. पलीकडे खरंच इंधनाचा तुकडा असेल तर कापणारी माणसं सरळ त्याच्यासमोर उभी राहणार होती. त्यांनाही घरं होती, बायका होत्या.

दुपारी ती कमोडोर आदिती निंबाळकरांच्या दारात उभी राहिली. गोदीच्या प्रमुख त्याच. बाई कडक, पण कान देऊन ऐकणाऱ्या.

“मॅडम, भिंत कापायचं काम थांबवा,” ऋजुता म्हणाली आणि सगळं सांगून टाकलं. इंधनबदल कुणी केला होता, हेही सांगितलं.

निंबाळकर बाईंनी तिच्यापुढं पाण्याचा ग्लास सरकवला. “मल्हारना माहितीये, तुम्ही इथं आलायत?”

“नाही. पण कळेलच.”

“मला त्यांना बोलवावं लागेल, ऋजुता. विचारावं लागेल.”

“हो.”

“आणि समारंभ पुढं ढकलावा लागेल. नावाचंही…” बाईंनी खिडकीतून एक्याऐंशी नंबरकडे पाहिलं. “बघू.”

*

गोदीत बातमी लपत नाही. संध्याकाळपर्यंत कँटीनमध्ये माणसं ऋजुता आली की गप्प व्हायला लागली. मल्हारला बोलावणं आलं, तो गेला, दोन तास उत्तरं देऊन आला. घरी आल्यावर त्यानं एवढंच विचारलं, “मला आधी सांगता नाही आलं?”

“सांगितलं असतं तर तू थांब म्हणाला असतास. आणि मी थांबले असते.”

त्यानंतर घरात बोलणं उरलं ते मीठ दे, फोन वाजतोय, एवढंच. जेवताना दोघं समोरासमोर बसायची आणि आपापल्या ताटात बघत जेवायची. पुण्याहून लेकीचा, इराचा, फोन आला, “आईबाबा, ठीक ना सगळं?” तर दोघंही एका सुरात ‘हो हो’ म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर परत तोच अबोला. ऋजुताला वाटायचं, त्यानं एकदा तरी शिव्या द्याव्यात. भांडणारा मल्हार तिला झेपायचा. हा गप्प मल्हार झेपेना.

ती दिवसभर चटयांपाशी बसायची. तिनं चटया तिरक्या लावल्या, शेजारच्या कप्प्यातून आणखी एक कोन मिळवला. म्यूऑन काही कुणाच्या सांगण्यावरून लवकर येत नाहीत. आभाळातून जितके पडायचे तितकेच पडतात. तिच्यासारख्या बाईला ही शिक्षाच होती.

“मॅडम, घरी जा,” डिमेलो म्हणायचा.

“घरी काय आहे?”

“बरं, मग इथंच बसा. मी वडापाव आणतो.”

सावली हळूहळू आकार धरायला लागली. आधी नुसता लांबट डाग होता. मग टोकं गोल झाली. मग एका टोकाला काहीतरी पसरट, झालरीसारखं दिसायला लागलं. आणि एका दुपारी, कण पुरेसे जमल्यावर, ऋजुतानं यंत्राला त्या वस्तूचा आडवा छेद काढायला सांगितला.

पडद्यावर एक कडं आलं. बाहेर जड, आत हलकं.

“पोकळ आहे!” ती किंचाळली.

“पोकळ म्हणजे?” डिमेलो वडापाव हातात घेऊनच धावत आला.

“पोकळ नाही रे, आत काहीतरी आहे, पण हलकं आहे. साध्या दगडाइतकंच जड. जड आहे ते नुसतं वरचं सालपट. युरेनियमचा तुकडा असता तर आतपर्यंत जड असता, घट्ट. हे कुणीतरी शिशाचा पत्रा कशालातरी गुंडाळलाय!”

“पण कशाला गुंडाळतील?”

तिनं चित्र फिरवलं. उभं केलं. लांबट, गोलसर, मधे किंचित फुगीर. वरच्या टोकाला पत्र्याची घडी घातलेली, मागं पाठीवर पसरलेली. ती बघत राहिली. आणि एकदम तिच्या पोटातून हसू आलं, असं की तिला खुर्ची धरावी लागली.

“मॅडम? ओ मॅडम!” डिमेलो घाबरला.

“कुंची आहे रे ती!” ती डोळे पुसत म्हणाली. “कुंची घातलीय! हा गोप्या आहे, लॉरेन्स, गोप्या!”

“कोण गोप्या?”

त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! तिनं हसत, हुंदके देत, त्याला सांगितलं. बारशाला बाळ पाळण्यात घालायच्या आधी घरातला वरवंटा घेतात. तोच तो, पाट्यावर वाटायचा. त्याला कुंची घालतात, काजळ लावतात, बाळासारखा नटवतात. त्याला म्हणतात गोप्या. बायका त्याला पाळण्याखालून-वरून एकमेकींकडे देतात, आधी तो पाळण्यात झोपतो, मग बाळ. म्हणजे बाळ त्या दगडासारखं टणक व्हावं. इराच्या बारशाला तिच्या सासूबाईंनी असाच गोप्या नटवला होता, आणि पाहुण्यांतल्या एका काकांनी त्यालाच बाळ समजून ‘नाक बापावर गेलंय’ असं म्हटलं होतं.

“म्हणजे…” डिमेलोनं पडद्याकडे बोट दाखवलं, “कुणीतरी अणुभट्टीच्या भिंतीत वरवंटा ठेवला? टोपडं घालून?”

“हो!”

“देवा रे, काय माणसं आहात तुम्ही!”

तिनं मल्हारला फोन लावला. “मल्हार, दगड आहे. इंधन नाही. वरवंटा आहे, शिशात गुंडाळलेला.”

पलीकडून “बरं,” एवढंच म्हणून त्यानं फोन ठेवला. त्या ‘बरं’नं तिचं हसू पार विझलं. सुटलो म्हणून तिला गावभर नाचायचं होतं, आणि ज्याच्यासाठी नाचायचं तोच असा तुटक बोलला.

*

नौका बांधली तेव्हा शिशाचे पत्रे बसवायचं काम सुरुंडीच्याच बायका करत. त्यांच्यातल्या आता हयात असलेल्या मनीषामावशी तांडेल खाडीपलीकडे राहायच्या. ऋजुता गेली तेव्हा म्हातारी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर क्रिकेट बघत होती आणि पंचाला नावं ठेवत होती.

“मावशी, वैनतेयच्या भट्टीत वरवंटा कुणी ठेवला?”

मावशीनं आवाज बंद केला. “गावला होय? अगो बाई! माझ्या सासूचा होता तो. घरात किती बोलणी खाल्ली मी!”

“म्हणजे तुम्हीच?”

“मी म्हणजे आम्ही सगळ्याच. आता तूच सांग, एवढं मोठं बाळ, त्याचं बारसं झालं होतं का? ती कोण साहेबीण आली, नारळ फोडला, इंग्रजीतनं नाव घेतलं आणि गेली गाडीत बसून. त्याला काय बारसं म्हणतात? मग आम्ही जेवणाच्या सुट्टीत आमचं आमचं केलं. डब्याच्या पिशवीतनं वरवंटा आत नेला. गेटवरच्या पोराला सांगितलं, ठेचा वाटायचाय.”

“आणि शिशाची कुंची?”

“तिथं आत कापडाचा धागा न्यायला बंदी ना! लोकर नाही, चिंधी नाही. पत्र्याचं कातरण पडलेलं, तेच दुमडून घातलं. काय गोड दिसत होता सांगू!” मावशी हसली आणि मग जरा ओशाळली. “खालनं वर देताना आमच्यातल्या शांतीच्या हातनं निसटला गो. गेला त्या भिंतीच्या फटीत. हात घालून बघितला, काठी घालून बघितली, नाही आला. साहेब यायची वेळ झाली. शांती रडायला लागली, नोकरी जाईल म्हणून. मग बसवून टाकल्या लाद्या वरनं. म्हटलं, राहू दे बाळाजवळ.”

ऋजुताला तिचा रागही आला आणि तिच्या गळ्यात पडावंसंही वाटलं.

“मावशी, त्या दगडापायी माझ्या नवऱ्याला लोकांनी खोटारडा ठरवलं. मी पण ठरवलं.”

मावशीचं तोंड उतरलं. “शांती गेल्यावर सांगायला पाहिजे होतं मी,” ती म्हणाली. “चुकलंच माझं. चल, मी येते. तुझ्या त्या कमोडोरणीला सांगते, आणि तुझ्या नवऱ्यालापण.”

ती खरंच आली. निंबाळकर बाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि तिला चांगलं खडसावलं. भट्टीच्या भिंतीत परकी वस्तू म्हणजे खेळ नाही, तिथं पॉलिथिनची जागा रिकामी राहिली असती तर किरण बाहेर आले असते, वगैरे. म्हातारीनं मान खाली घालून सगळं ऐकलं. बाहेर पडल्यावर बाईंनी दार लावून घेतलं आणि आतून त्यांच्या हसण्याचा आवाज कितीतरी वेळ येत राहिला.

चित्रावर विसंबून भिंतीला हळूच भोक पाडलं गेलं, लांब हातांच्या यंत्रानं वस्तू बाहेर आली. दगडच. कुंची घातलेला. भट्टीच्या इतक्या जवळ राहून तोही किंचित किरणोत्सर्गी झाला होता, म्हणून मावशीच्या घरी काही तो परत जाऊ शकला नाही. बाकी घर रिकामं होतं. एकूणएक कोपरा चटयांनी तपासला आणि कुठंही तुसभर इंधन नव्हतं.

*

समारंभाला मल्हार गणवेशात आला. कोटाची वरची दोन बटणं लागत नव्हती. तो आणि ऋजुता डेकवर शेजारी शेजारी उभे राहिले खरे, पण घरातला अबोला त्यांच्याबरोबरच आला होता.

सूर्य खाली गेला, बिगूल वाजलं, झेंडा उतरला. मग वैनतेयच्या शेवटच्या कप्तानानं शेजारच्या गोदीकडे तोंड करून, एक्याऐंशी नंबरच्या कप्तानाला मोठ्यानं सांगितलं, “आमचं नाव स्वच्छ आहे. ते तुम्हाला दिलं.” पलीकडून उत्तर आलं, “आम्ही घेतलं.” आणि दोन्ही गोद्यांतून माणसांनी जो काय गलका केला! टोप्या उडाल्या, कुणी शिट्ट्या मारल्या, मनीषामावशीनं तर बसल्या जागेवरून कानशिलांवर कडाकडा बोटं मोडून धाकटीची दृष्ट काढली. धाकटीला नाव मिळालं होतं.

ऋजुतानं वळून पाहिलं तर मल्हार रडत होता. नुसते डोळे ओले नव्हते, खांदे हलत होते त्याचे.

“मल्हार,” तिनं त्याचा दंड धरला, “चुकले रे मी. मी तुझ्यावर विश्वास ठेवायला पाहिजे होता.”

त्यानं मान हलवली.

“नको होता ठेवायला. मलाच खात्री नव्हती.”

“खात्री? कसली?”

“तो डबा बंद करताना मला वाटलं होतं, एक तुकडा कमी आहे,” तो म्हणाला. “परत परत बघितलं. कॅमेऱ्यात दिसेना. पाणी गढूळ झालेलं. माणसं दमलेली. मी मनाशी म्हटलं, भास आहे, आणि जाऊन शब्द दिला. पंधरा वर्षं, ऋजू. ती नौका बंदरातून निघाली की ती परत येईपर्यंत मी दिवस मोजायचो. वर्तमानपत्रात तिच्या एखाद्या खलाशाला कॅन्सर झाल्याचं वाचलं की मी दोन दिवस जेवायचो नाही. तू म्हणायचीस, याला पित्त झालंय.”

“आणि मला एका शब्दानं बोलला नाहीस?”

“काय बोलणार? बोललो असतो तर तुला ते कुणालातरी सांगावं लागलं असतं. तू सांगितलंच असतंस. ओळखतो मी तुला.” तो हसायचा प्रयत्न करत होता. “तू इस्त्रीपाशी येऊन विचारलंस ना, तेव्हा मला वाटलं, आलं, शेवटी आलंच. म्हणून ओरडलो. तुझा राग नव्हता तो. भीती होती.”

“आणि मी दगड आहे म्हणून फोन केला, तेव्हा नुसतं बरं म्हणालास!”

“फोन ठेवून मी फरशीवर बसलो होतो. उठता येईना.”

ऋजुताला काय वाटलं ते सांगायला सोपं नाही. राग आला, की एवढं ओझं यानं एकट्यानं वाहिलं. कीव आली. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे तिला हलकं वाटलं, इतकं हलकं की तिथं डेकवर बसकण मारावी. तिच्या मनात आलेली शंका तिची एकटीची नव्हती. याच्याही मनात ती होती, तिच्या कितीतरी आधीपासून.

“मग आता?” तिनं विचारलं.

“आता काय. घर रिकामं होतं. पंधरा वर्षांनी मला कळलं.” त्यानं कोटाच्या बाहीनं सगळ्यांदेखत नाक पुसलं. “तू गप्प बसली असतीस ना ऋजू, माझ्यावर विश्वास ठेवून, तर मी हे माहीत नसतानाच मेलो असतो.”

तिनं त्याच्या छातीवर एक बुक्की मारली, चांगली जोरात, आणि मग तिथंच डोकं टेकलं. कोटाचं तिसरं बटणही तुटून पडलं. ते शोधायला दोघांपैकी कुणीच वाकलं नाही.